थायरॉईडच्या डबीतली गोळी

माझ्या पाया पडायला बायकांची रांग लागली होती आणि मी त्यांना पडू दिलं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण शेवटी सांगायचं ठरवलं तर मी ते पुन्हा गाळून टाकीन. गाळण्यात गेल्या चार वर्षांत मी चांगलीच पटाईत झाले आहे.

मी मंदा. मारेगाव आणि वणीच्या मधल्या एका गावात आशा म्हणून काम करते. कोण गरोदर आहे, कुणाच्या बाळाची लस राहिली, कोण गोळ्या घेत नाही, हे दारोदार जाऊन विचारायचं आणि आरोग्य केंद्रात कळवायचं. टीबीच्या पेशंटला मी समोर बसवून गोळी घ्यायला लावते. गिळली म्हणाला तरी माझा विश्वास नसतो. "जीभ वर करून दाखवा," म्हणते. आमचे एक आजोबा गोळी गालात धरून माझ्याशी गप्पा मारायचे आणि माझी पाठ वळली की कोंबड्यांपुढे थुंकायचे. त्यांना मी भर चौकात झापलं होतं.

अशी मी. आणि माझी स्वतःची गोळी थायरॉईडच्या डबीत.

*

आजार सुरू झाला तो खडूच्या खुणांपासून. सर्व्हे झाला की आम्ही दारावर खडूने तारीख आणि घराचा नंबर लिहितो. एका सकाळी मला कळलं की ज्या दारावर खूण आहे त्या घरातलं लेकरू जाणार आहे. 'वाटलं' असं म्हणत नाही, कारण तेव्हा ते वाटणं नव्हतंच. दोन अधिक दोन चार हे जसं माहीत असतं तसं माहीत होतं. मी पदर ओला करून घरोघरच्या खुणा पुसत सुटले. रजिस्टरातली नावं मला हाका मारायला लागली. आठवडाभर झोप नाही, तोंडात घास नाही.

माझा नवरा प्रकाश कोळशाच्या खाणीवर टिपर चालवतो. त्याने मला चंद्रपूरला नेलं. वणीत डॉक्टर नाहीत असं नाही, पण वणीत ओळखीचेही फार आहेत. चंद्रपूरचे डॉक्टर वयस्कर, हळू बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आजाराचं नाव सांगितलं. सायकोसिस. मी विचारलं, "म्हणजे मी वेडी आहे?"

"म्हणजे तुम्ही आजारी आहात," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये प्रकाश खिडकीबाहेर बघत बसला होता. वणी आल्यावर उतरता उतरता म्हणाला, "घरी थायरॉईड म्हनून सांगू."

मी मान हलवली. खरं सांगते, त्या दिवसात पहिल्यांदा मला हायसं वाटलं.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या होत्या. त्यांची पाकिटं मी थायरॉईडच्या औषधाच्या रिकाम्या डबीत घालून ठेवली. मोठी रात्री घ्यायची. दुसरी बारीक, मोठीमुळे हात कापू नयेत, मान आखडू नये म्हणून. दीड महिन्यात रजिस्टरातली नावं गप्प झाली. ही गोळी वाईट आहे असं कुणी समजू नका. तिनेच मला माझ्या घरात परत आणून बसवलं. वाईट जे झालं ते मी तिला लपवल्यामुळे झालं.

*

खोटं बोलायला फार मेहनत लागते हो.

आमच्या शेजारच्या शोभाकाकूंना खरोखरचा थायरॉईड आहे. एक दिवस त्या सासूबाईंना म्हणाल्या, "तुयी सून रातच्याले गोळी घेते काय वं? थायरॉईडची तं सकाळी उपाशीपोटी घ्या लागते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मी माझी रात्रीची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायला लागले. सगळ्यांसमोर, ऐटीत. मग दिवसभर डोळे मिटायचे. गरोदर बाईचं वजन घेता घेता मला पेंग यायची. मीटिंगमध्ये खुर्चीत झोपले तर सिस्टर म्हणाल्या, "मंदाताईंना लय काम पडून राह्यलं." सगळ्या हसल्या, मीही हसले.

मग प्रश्न आला बारीक गोळीचा. थायरॉईडची गोळी एकच असते. दोन दिसल्या तर शोभाकाकू पुन्हा विचारणार. शिवाय त्या बारकीने तोंड कोरडं पडायचं, मोबाईलवरची अक्षरं पुसट दिसायची. मी ती बंद करून टाकली. डॉक्टरांना विचारलं नाही. एक गोळी कमी म्हणजे आजारही तेवढा कमी, असा माझा हिशोब. दुसऱ्या कुणी असा हिशोब केला असता तर मी त्याच्या दारात बसून भांडले असते.

*

पुढचं लिहायला हात वळत नाही, पण जिला होत असेल तिला कळायला हवं.

औषध सुरू झाल्यावर काही महिन्यांनी माझी पाळी थांबली. मग एका दुपारी ब्लाऊज ओलं लागलं. बघते तर दूध. माझी धाकटी मुलगी तेव्हा पाचवीत होती. मी दार लावून मोरीत बसले आणि रडले. गरोदर आहे का हे तपासायच्या पट्ट्या माझ्याच बॅगेत असतात. गावातल्या किती नव्या सुनांच्या हातात मी त्या ठेवल्या असतील. माझी मी तपासली. एकच रेघ. आठ दिवसांनी पुन्हा तपासली. एकच रेघ.

प्रकाशला सांगितलं नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी दर वेळी विचारलं, "आणखी काही त्रास?" मी दर वेळी म्हणाले, "नाही." पुरुषमाणूस, कसं सांगायचं? घडी केलेला रुमाल ब्लाऊजमध्ये ठेवून मी तीन वर्षं गावभर फिरले. स्तनपान सप्ताहात भाषणही केलं. ते भाषण आठवलं की अजून कानशिलं तापतात.

*

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. भादव्यात तीन दिवस. दुसऱ्या दिवशी जेवण, म्हणजे पुरण, आंबील, सोळा भाज्या, आणि अर्धं गाव पंगतीला. त्या दिवशी घरातल्या सुनेने आडवं व्हायचं नसतं. कुणी तसा नियम केलेला नाही, पण कुणी झालेलीही नाही.

गेल्या वर्षी जेवणाच्या दिवशी पहाटेच मला उलट्या सुरू झाल्या. आदल्या दिवशीचं काहीतरी बाधलं असावं. तरी सकाळी उपाशीपोटी 'थायरॉईडची' गोळी घेतली, ती मात्र पोटात टिकली. आठ वाजता सासूबाई पुरणाची डाळ घाटत म्हणाल्या, "मंदे, सुई घेऊन ये वं. आज पडून जमनार नाही."

गावातले डॉक्टर घराजवळच बसतात. प्रकाश सोबत आला. डॉक्टरांनी उलटी थांबायच्या इंजेक्शनची सुई भरता भरता विचारलं, "दुसरी कोणती गोळी चालू आहे का?"

मी म्हणाले, "थायरॉईडची."

प्रकाश माझ्या शेजारी उभा होता. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

त्या डॉक्टरांना मी कधीच दोष देणार नाही. त्यांनी विचारलं होतं.

*

उलट्या थांबल्या. मी पुरण वाटलं, महालक्ष्म्यांच्या डोक्यावर तळणीचा फुलोरा बांधला. दुपारी आरती सुरू झाली तेव्हा जीभ जड वाटायला लागली. मग मान आपोआप डावीकडे वळायला लागली. मी सरळ करायला गेले तर आणखी वळली. डोळे वर गेले आणि खाली येईनात. जबडा वाकडा झाला. हातातलं तबक पडलं.

थाळ्या वाजत होत्या. कुणीतरी ओरडलं, "अंगात आलं! मंदाच्या अंगात आलं!"

मी पूर्ण शुद्धीत होते. मला सगळं ऐकू येत होतं. फक्त बोलता येत नव्हतं, नुसता 'आँ आँ' आवाज निघत होता. सासूबाईंनी माझ्या कपाळभर कुंकवाचा मळवट भरला. "माय आली, माया घरी माय आली," म्हणत त्या रडत होत्या. चार वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. कुणी ओटी भरली, कुणी नारळ ठेवला. एकेकजणी येऊन पाया पडू लागली.

वर फिरलेल्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला प्रकाश दिसला. आतून धावत आला, माझ्याकडे बघितलं, त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, आता हा सांगेल. त्याने हात जोडले.

नंतर मी त्याला विचारलं, हात काहून जोडले? तो म्हणाला, "मले वाटलं तुयं जुनं आलं वापस. येड लागल्यापेक्षा देवी बरी."

त्या रांगेत सुनंदा होती. आमच्या वरच्या आळीत राहते, कापूस वेचायला, निंदायला जाते. तिची पायल नववीत आहे, तिला मिरगी येते. मीच दोघींना दवाखान्यात नेऊन पायलच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि एक दिवसही चुकवायची नाही म्हणून बजावलं होतं. सुनंदाने माझे पाय धरले.

"माय, पोट्टी गोळ्यानं वर्गात झोपते. मास्तर बोलते. तूच सांग, गोळ्या बंद करू काय?"

मी मान सरळ करायचा प्रयत्न केला. सगळा जोर लावून. मान खाली आली आणि झटक्याने पुन्हा वळली.

"हो म्हनलं! देवीनं हो म्हनलं!" बायका ओरडल्या.

*

तास-दीड तासाने माझ्या घशातून घरघर यायला लागली तेव्हा प्रकाश घाबरला. कुणाची तरी गाडी मागून मला वणीच्या एका दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर तरुण मुलगी. तिने मळवट बघितला, मान बघितली आणि प्रकाशला विचारलं, "कोणती औषधं चालू आहेत?"

"थायरॉईडची," प्रकाश म्हणाला.

तिने त्याला बाहेर पाठवलं. माझ्याजवळ वाकून म्हणाली, "ताई, थायरॉईडच्या गोळीने असं होत नाही. बोलता येत नसेल तर हाताने सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

मी कमरेच्या पिशवीतून डबी काढून तिच्या हातात दिली. तिने आतलं गोळीचं पाकीट वाचलं. "आणि आज उलटीचं इंजेक्शन?" मी बोटाने हो केलं. ती म्हणाली, या दोघींचं एकमेकींशी पटत नाही, दोघी मिळून मान अशी धरतात. मग तिने एक सुई दिली. वीस मिनिटांत जबडा सैल झाला, मान जागेवर आली. देवी एका सुईने आली होती, दुसऱ्या सुईने गेली.

रात्रभर ठेवून घेतलं. एक सिस्टर कापसाच्या बोळ्यांनी माझं कपाळ पुसत राहिली, गालावरची लाळ पुसली. एक शब्द विचारला नाही. बाजूच्या खाटेवरच्या म्हातारीने तिचा अर्धा चहा मला दिला. तेवढ्याने मला हुंदका फुटला.

सकाळी डॉक्टरने सगळं विचारून घेतलं. बारीक गोळी का बंद केली, सकाळी का घेते, पाळी कधी आली. मी दुधाचंही सांगितलं. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "गोळीमुळे होतं. सांगितलं असतं तर कधीच बदलून दिली असती. मी चंद्रपूरला फोन करते."

तीन वर्षं रुमाल घातले होते मी. निघताना तिने विचारलं, "काम काय करता?"

मी म्हणाले, "घरीच असते."

तेही खोटंच.

*

घरी आले तर ओसरीवर नारळांचा ढीग. सासूबाईंनी गावभर सांगितलं होतं. दवाखान्याचं काय, तर "देवीचा भार सोसला नाही बाप्पा तिले." शुक्रवारी बायका आल्या. सासूबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पायाखाली पाट ठेवला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. असे तीन शुक्रवार मी बसले.

कुणी जबरदस्ती केली नाही. मला आवडलं. हे लिहिताना मला स्वतःची किळस येते, पण आवडलं. आजारानंतर मला रोज वाटायचं की लोकांना वास लागला असेल, लोक पाठीमागे बोलत असतील. आणि आता तेच लोक वाकत होते. मी काही बोलायचे नाही, नुसतं डोक्यावर हात ठेवायचे.

सुनंदा त्यानंतर आली नाही. तिचा प्रश्न मला रोज आठवायचा. तो मी ऐकला होता आणि मान हलली तेही मला ठाऊक होतं. मी मनाशी म्हणायचे, असं कुठं कुणी गोळ्या बंद करतं का. तिच्या गल्लीत जायचं काम निघालं तर मी दुसऱ्या दिवसावर ढकलायचे. रजिस्टरात मात्र पायलच्या नावापुढे 'औषध नियमित' असं लिहून टाकलं.

चौथ्या आठवड्यात पायलला शाळेच्या नळावर झटका आला. तिच्या गोळ्या महालक्ष्म्यांच्या जेवणापासूनच बंद होत्या. तोंडघशी ओट्यावर आदळली. पुढचे दोन दात गेले, हनुवटीला टाके पडले.

*

मी प्रकाशला म्हणाले, "मी सुनंदाला सांगते."

तो म्हणाला, "काय सांगते? काम जाईन तुयं. अन् पोरीचं लगन कसं जमन उद्या?"

"आणि पायलचे दात?"

तो उठून बाहेर गेला. मग मी सासूबाईंना सांगितलं, आधी त्यांना. त्यांनी उठून पाट आत नेऊन ठेवला. त्यानंतर आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते बरोबरच वाटलं.

सुनंदाच्या घरी गेले तेव्हा संध्याकाळ होती. पायल खाटेवर पडलेली, तोंड सुजलेलं. सुनंदाने मला बघून पदर सावरला आणि वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले. "नको. सुनंदा, नको."

मी डबी काढली. गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. "ही थायरॉईडची नाही. ही डोक्याच्या आजाराची आहे. मी चार वर्षं घेते. त्या दिवशी देवीबिवी काही आली नव्हती. या गोळीवर उलटीची सुई घेतली म्हणून मान फिरली. तू विचारलेलं मी ऐकलं होतं. मला नाही म्हणायचं होतं."

"मंग नंतर काहून नाही सांगतलं? इतके दिवस?"

"लाज वाटली."

पायलने सुजलेल्या तोंडाने विचारलं, "मावशी, तुमी पन रोज घेता?"

"रोज."

"झोप येते?"

"येते. सांगितलं की डॉक्टर बदलून देतात. मी सांगितलंच नव्हतं."

सुनंदा उठली. मला वाटलं, आता ही ती गोळी बाहेर फेकणार. तिने विचारलं, "मंग मी कोनाच्या पाया पडली?"

तिने गोळी माझ्या हातात परत दिली. आतापर्यंत ती मला 'तुमी' म्हणायची.

"तुया तोंडाचा भरोसा नाही आता. रोज इथं येजो. माया समोर गोळी खाजो. मंगच माई पोट्टी खाईन."

*

आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना मी सगळं सांगितलं, रजिस्टरातल्या त्या नोंदीसकट. काम अजून आहे, उद्याचं माहीत नाही. गोळी बदलली. बारीकही परत सुरू झाली आणि दूध थांबलं. आता सर्दी झाली तरी मी आधी पाकीट दाखवते. तुम्हीही दाखवा. विचारायची वाट बघू नका आणि आपल्या मनाने काही बंद करू नका. एवढंच सांगण्याचा मला हक्क उरलाय, तोही कितपत कोण जाणे.

सहा महिने झाले, रोज संध्याकाळी सातला मी वरच्या आळीत जाते. रस्त्यावर ओसरीतल्या बायका बोलायच्या थांबतात. मी खाली बघून चालते. पायलला त्यानंतर झटका आलेला नाही. ती तिची गोळी घेते, मी माझी. सुनंदा दोघींना पाणी देते आणि उभी राहते. पायलला ती लगेच सोडते.

"जीब वर कर," ती मला म्हणते.

मी करते.